कारखान्याचा फोन संगणकावर आणावा, पण उचलणारा माणूस आधी नेमावा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक ऊसतोडणीच्या टोळीची आणि दुसरी कारखान्याचा फोन लागण्याची. टोळीचे एक वेळ समजू शकते. माणसे, पाऊस, रस्ते, वाहने असे तिला शंभर अडथळे. पण फोन का लागू नये? "साहेब, उसाला तुरा आलाय, तोड कवा मिळायची?" एवढा एकच प्रश्न विचारण्यासाठी कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी या बाजूच्या सभासदाने चार-चार दिवस नंबर फिरवत बसावे आणि शेवटी गाडीत पेट्रोल टाकून गट ऑफिसला हेलपाटा मारावा, हे सहकारी संस्थेला शोभणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर एक सूचना सभासदांतून पुढे येत आहे. गट ऑफिसात विंडोजचे संगणक आहेत, इंटरनेटही आहे. त्याच संगणकावर सॉफ्टवेअर टाकून त्याचा फोन करावा, म्हणजे एका नंबरावर एकाच वेळी अनेक सभासदांचे फोन घेता येतील, अशी ती सूचना. सूचना चांगली आहे. परंतु नवे यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. म्हणून हे काय प्रकरण आहे ते आधी नीट समजून घेऊ.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये आपल्या बोलण्याचे बारीक बारीक तुकडे केले जातात. साधारणपणे एका सेकंदाचे पन्नास तुकडे. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि नंबर टाकून तो इंटरनेटच्या रस्त्याने सोडला जातो आणि पलीकडे नंबराप्रमाणे जुळवून पुन्हा आवाज केला जातो. कारखान्याच्या आवारात गाड्या मागे-पुढे आल्या तरी काट्यावर नंबराने लागतात, तसेच हे. फरक इतकाच, की उशिरा आलेला ऊस उतारा कमी देतो, पण गव्हाणीत पडतो. उशिरा आलेला आवाजाचा तुकडा मात्र थेट फेकून दिला जातो. बोलताना मधलेच शब्द गायब होतात ते यामुळे. बोललेले दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावे, म्हणजे संभाषण सहज वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे.

ही विद्या काही कालची नाही. १९९५ साली 'व्होकलटेक' या इस्रायली कंपनीने विंडोजच्या संगणकावर चालणारा इंटरनेट फोन बाजारात आणला. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. शासनाने इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही अर्धवट. संगणकावरून संगणकावर बोलायला मुभा होती, परदेशातील फोनवरही बोलता येत होते. पण देशातल्या देशात संगणकावरून साध्या फोनवर बोलायला मनाई. म्हणजे अमेरिकेतल्या भाच्याशी बोलता येई, पण मोडनिंबच्या मामाच्या फोनची घंटी वाजवता येत नसे! ही अडचण २०१८ मध्ये दूर झाली आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या फोनला जोडणी देण्याचा मार्ग मोकळा झाला.

येथे 'जोडणी' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो कुर्डुवाडीकरांना वेगळा समजावून सांगायला नको. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली तेव्हा आपल्या स्टेशनचे नाव बार्शी रोड होते. मुख्य लोहमार्ग ब्रॉडगेज आणि बार्शीची गाडी अडीच फुटी रुळांवरची. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालणार नाही, म्हणून माल येथे उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. इंटरनेट आणि साधे टेलिफोनचे जाळे हेही असेच दोन निराळ्या मापांचे रूळ आहेत. मध्ये माल बदलणारे जंक्शन लागते आणि ते परवाना असलेल्या दूरसंचार कंपनीचेच असले पाहिजे. कोणी स्वस्तात पेटी बसवून, तीत चार सिमकार्डे घालून "साहेब, बिल अर्ध्यावर आणतो" असे सांगत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. असली बिनपरवाना एक्स्चेंजे चालवणे हा गुन्हा आहे आणि त्यांच्यावर पोलीस कारवाया होत आलेल्या आहेत.

काही जण म्हणतात, "हे सगळे कशाला? व्हॉट्सॲप प्रत्येकाकडे आहेच की." आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. एक तर प्रत्येकाकडे नाही. साधा बटणांचा फोन वापरणारे वडीलधारे सभासद आणि सातबारा नावावर असलेल्या कितीतरी माताभगिनी त्यात येत नाहीत. दुसरे असे की, व्हॉट्सॲपवरचे काम चिटबॉयच्या स्वतःच्या मोबाईलवर चालते. ज्याची ओळख त्याला उत्तर, आणि ज्याची नाही त्याला दोन निळ्या खुणा! उद्या तो मुलगा नोकरी सोडून गेला की नंबरही गेला आणि नोंदही गेली. साध्या फोनच्या जाळ्याला जोडलेला संगणकी फोन घेतला तर सभासदाने काहीच बदलायचे नाही. त्याने नेहमीप्रमाणे नंबर लावायचा. बदल होईल तो ऑफिसच्या टेबलावर.

आता उभारणीचे बोलू. यात लाखांचा खर्च नाही. मायक्रोसिप, लिनफोन, झॉयपर अशी सॉफ्टफोनची सॉफ्टवेअरे विंडोजवर चालतात आणि त्यांतली काही मोफत मिळतात. मात्र ती मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावीत, कोणाच्या पेनड्राइव्हवरून नव्हे. दूरसंचार कंपनी एक सर्व्हरचे नाव, एक खाते आणि एक पासवर्ड देते. ते भरले की फोन नोंदला जातो. एका बोलण्याला, नेहमीच्या प्रतीच्या आवाजात, जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे ९० किलोबिट प्रतिसेकंद एवढी वाट लागते. पाच जण एकाच वेळी बोलले तरी अर्धा मेगाबिटच्या आत काम भागते. वेग फार लागत नाही, वेग टिकून राहावा लागतो. म्हणून संगणकाला वायफायऐवजी केबल जोडावी आणि फोनच्या वेळेत त्याच लाईनवर सिनेमे उतरवू नयेत.

बाकीच्या अडचणी बारीक, पण नेमक्या त्याच माणसाला बेजार करतात. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनला परवानगी दिली नाही तर आपला आवाज जातच नाही. पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडताना फायरवॉल विचारते, तेव्हा ऑफिसच्या खाजगी नेटवर्कापुरती परवानगी द्यावी. "आमचं त्यांना ऐकू जातंय, पण त्यांचं आम्हाला येईना" असे झाले तर बहुतेक वेळा दोष राउटरचा असतो. त्यात 'एसआयपी एएलजी' नावाची एक सोय असते. ती बंद केली की पुष्कळदा आवाज दोन्हीकडून सुरू होतो. संगणकाच्या स्पीकरवर बोलू नये, आवाज घुमतो. कानाला लावायचा हेडसेट घ्यावा. संगणक झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी, कारण संगणक झोपला की फोनही झोपतो. आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे, हे ध्यानात ठेवून फोनसाठी विंडोज ११ चा संगणकच वापरावा.

धोक्यांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चाले. संगणकी फोनचे तसे नाही. लाईट गेली की संगणक, राउटर आणि फोन तिन्ही गेले. तेव्हा युपीएस हवाच, आणि राउटरही त्यावरच हवा. एक साधा फोन शिवाय ठेवावाच. अपघात, आग, आजारपण अशा वेळी ११२ लावायचा तो त्या साध्या फोनवरून. संगणकी फोनच्या भरवशावर जीव टांगू नये. पासवर्ड '१२३४' ठेवला तर रात्रीतून कोणी चोर आपल्या खात्यावरून परदेशात फोन करतो आणि बिल सभासदांच्या डोक्यावर बसते. म्हणून परदेशी फोनची सोय बंदच ठेवावी. फसव्या फोनवाल्यांनाही स्क्रीनवर खोटा नंबर दाखवता येतो. कारखाना फोनवर कोणाचाही ओटीपी किंवा बँकेचा पिन कधीही विचारणार नाही, हे काट्यावर, गट ऑफिसात आणि या अंकात ठळक लिहून लावावे. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरावर विनाविलंब तक्रार करावी.

आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. स्काइप नावाचे सॉफ्टवेअर २००३ साली निघाले आणि जगभर गाजले. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतातून भारतातल्याच फोनवर बोलण्याची त्याची सोय बंद झाली आणि ५ मे २०२५ रोजी स्काइपच बंद झाले. तेव्हा आपला नंबर एखाद्या सॉफ्टवेअरच्या दावणीला बांधू नये. नंबर कारखान्याच्या नावावर असावा, सॉफ्टवेअर उद्या बदलता यावे.

साखर कारखान्याला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणानगरला केंद्र आणि राज्य शासनाच्या मदतीने परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प झाला. गावच्या केंद्रावर सभासदाला उसाची नोंद, वजन, बिल पाहता यावे हा उद्देश. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागाने पाहणी केली, तेव्हा ध्यानात आले की केंद्रातला संगणक मुख्यतः ऊसविषयक माहिती कारखान्याकडे पाठवण्या-आणण्यासाठीच वापरला जातो आहे. काही गावांत त्यांनी संगणकाच्या जागी मोबाईलवरचा साधा संदेश वापरून पाहिला आणि तेच काम त्याने भागले. यातून आम्ही एवढेच घेतो, की यंत्राची निवड कामावरून करावी, दिमाखावरून नव्हे. आपले काम कोणते? सभासदाच्या प्रश्नाला वेळेवर, सर्वांना सारखे आणि नोंदीसकट उत्तर.

म्हणूनच आमचा खरा आग्रह सॉफ्टवेअरचा नाही, माणसाचा आहे. संगणकावर दहा फोन एका वेळी वाजतील आणि खुर्ची रिकामी असेल, तर पूर्वी एक फोन लागत नव्हता तो आता दहा वेळा लागणार नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा संचालक मंडळाने पुढील गोष्टी कराव्यात. हंगामभर सकाळी सात ते रात्री नऊ फोनवर माणूस नेमावा आणि त्याच्यासमोर तोडणी प्रोग्राम उघडा असावा. प्रत्येक फोनची सभासद क्रमांक, गाव, प्रश्न आणि दिलेले उत्तर अशी नोंद व्हावी. न उचललेल्या फोनला त्याच दिवशी उलट फोन जावा. बोलणे रेकॉर्ड होणार असेल तर तसे आधी सांगावे. आणि दर पंधरवड्याला किती फोन आले, किती उचलले, किती राहिले, याचा तक्ता या अंकात छापावा.

शेवटचा मुद्दा काहींना टोचेल, पण तोच मोलाचा आहे. तोड केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेला शेतकरी घाबरतो, आणि घाबरलेल्या शेतकऱ्याकडूनच टोळीवाला वरचे पैसे काढतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला नाही तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. बिलाचेही तसेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते कुठे अडले हे विचारायला सभासदाला ओळख काढावी लागू नये. फोनवर खरे उत्तर मिळाले, मग ते "अजून वीस दिवस लागतील" असे कडू का असेना, तर माणूस पाण्याची पाळी, पुढची लागण, सोसायटीचे कर्ज यांचा मेळ तरी घालू शकतो.

सभासदांचेही एक कर्तव्य आहे. फोन करताना सभासद क्रमांक आणि लागणीची तारीख हाताशी ठेवावी, थोडक्यात बोलावे आणि फोनवर बसलेल्या पोरावर राग काढू नये. प्रोग्राम त्याने ठरवलेला नसतो. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा, त्यावर मोकळी चर्चा व्हावी आणि पुढच्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी निदान कुर्डुवाडीच्या गट ऑफिसात हा फोन सुरू करून पाहावा, अशी आमची संचालक मंडळाला आग्रहाची विनंती आहे.