इलेक्ट्रिक गाडी घ्या, पण इन्व्हर्टर म्हणून नको!

सूरजागड-एटापल्ली भागातून एक प्रश्न सारखा येतो: "सर, छतावर सोलर आहे. इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेतला, तर लाईट गेल्यावर दुकान त्यावर चालेल का?"

आधी हिशोब करू. टाटा एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची. फ्रिज, दोन पंखे, चार बल्ब मिळून ३०० वॅट धरा. दहा तासांत ३ युनिट. म्हणजे कागदावर सात रात्री निघतात! अमेरिकेत फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग ट्रक वेगळी जोडणी करून घराला ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देतो.

मग अडचण कुठे? गाडीतून वीज बाहेर घ्यायची सोय प्रत्येक मॉडेलमध्ये नसते. कोटेशनवर ते लेखी घ्या. दुसरं, साधं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद पडतं, नाहीतर लाईनवरच्या वायरमनला शॉक बसेल. मला हे भर उन्हात, डोक्यावर पॅनल असताना फ्रीजरमधलं आइस्क्रीम वितळल्यावर कळलं. आणि तिसरं, रात्री बॅटरी दुकानानं खाल्ली, तर सकाळी आलापल्लीचा माल कोण आणणार?

माझं मत स्पष्ट आहे. गाडी रोजच्या फेऱ्यांवर स्वतःचा हप्ता फेडत असेल तरच घ्या. बॅकअपसाठी हायब्रिड इन्व्हर्टर आणि गरजेपुरती वेगळी बॅटरी बसवा. गाडीतून वीज मिळाली तर तो बोनस समजा. बोनसच्या भरवशावर कर्ज काढू नका.