हजार रुपयांचा धाक

पदवी देण्याचा व ‘विद्यापीठ’ हे नाव लावण्याचा अधिकार कोणास, हे 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले. पण तो मोडणारास शिक्षा ठेवली ती फार तर 1,000 रुपये दंडाची! तेव्हा ती शिक्षकाची कित्येक महिन्यांची मिळकत होती. आज घरबसल्या पदवी विकणारा पहिल्या हप्त्यातच तेवढे वसूल करतो.

कराचीच्या ‘अ‍ॅक्झॅक्ट’ कंपनीचे बिंग ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2015 साली फोडले, तेव्हा तिच्या शेकडो संकेतस्थळांत खोटी विद्यापीठे तर होतीच, शिवाय त्यांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थाही होत्या. चोरानेच चोरास सचोटीचा दाखला दिला. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दिसताच ‘कोणाची मान्यता?’ असे विचारावयास हवे, ते त्यासाठीच.

आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, हे ठीक. परंतु ती शोधण्याचा भार अठरा वर्षांच्या मुलावर टाकून सरकारने हात झटकावेत, हे आम्हांस मान्य नाही. दंड वाढविला तरी तो खजिन्यात जाणार. विक्रेत्याच्या मालमत्तेवर टाच आणून फसलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क सव्याज परत देवविण्याची तरतूद संसदेने केली पाहिजे.