गुरुजी गावात राहत नाहीत, पण गाव त्यांना राहू देते का?

मालेगाव तालुक्यातील जऊळका आणि आसपासच्या वस्त्या-तांड्यांवर पालकांशी बोलायला बसलो की एक तक्रार हमखास ऐकू येते : "गुरुजी अपडाऊन करतात." वाशिम किंवा अकोल्याहून यायचे, शाळा सुटली की परतायचे आणि बदलीची यादी लागली की निघून जायचे. तक्रार खरी आहे. पण तिचे कारण फक्त शिक्षकाच्या आळसात शोधले, तर आपण चुकीच्या माणसाशी भांडत बसू.

आधी शासनाकडे पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. कलम २६ सांगते की मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदे रिक्त राहता कामा नयेत. प्रत्यक्षात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. प्राथमिकच्या सेवकाला २०२३ पर्यंत महिना ६ हजार मानधन होते, त्यानंतर ते १६ हजार झाले. खोलीभाडे, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे, सगळे त्यातूनच.

२०१७ च्या बदली धोरणात अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीचा हक्क मिळाला. त्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण गावाच्या दृष्टीने पाहिले, तर अवघड शाळेत राबल्याचे बक्षीस म्हणजे ती शाळा सोडण्याची संधी! थांबावेसे वाटेल असे त्याच्यासाठी काय केले, हा प्रश्न राहूनच जातो. ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षक दिनीच, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा शासन निर्णय निघाला. विरोध झाला आणि पुढे तो मागे घेतला गेला. लहान शाळेकडे शासन कोणत्या नजरेने पाहते, हे मात्र कळून चुकले.

आता गावाकडे पाहू. घरभाडे भत्ता हवा तर मुख्यालयी राहा, ग्रामसभेचा ठराव आणा, असे शिक्षकाला सांगितले जाते. तो खोली विचारायला गेला की आधी आडनाव विचारले जाते. आमच्या ओळखीच्या एका बौद्ध शिक्षिकेला एका गावात तीन घरांनी "सध्या रिकामी नाही" असे सांगितले. खोल्या रिकाम्याच होत्या. शेवटी ती तालुक्याहून ये-जा करू लागली. महिनाभरात तिचे नाव "अपडाऊनवाल्या मॅडम" पडले.

यात नुकसान कोणाचे? ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटला जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती मजुरांची, अल्पभूधारकांची, बौद्ध वस्तीतली आणि तांड्यावरची मुले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. आज मुले चौथीपर्यंत पोहोचतात. पण शिक्षक सतत बदलत राहिला किंवा जागाच रिकामी राहिली, तर ती काय शिकून पोहोचतात?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला असतात. आपल्या आयाबाया तिथे केवळ सहीपुरत्या राहू नयेत. रिक्त पदांचा ठराव इतिवृत्तात नोंदवून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. दुसरे, बदली झालेल्या शिक्षकाच्या जागी दुसरा हजर होईपर्यंत त्याला कार्यमुक्त करू नये, अशी लेखी मागणी करावी. तिसरे, ग्रामपंचायतीकडे शिक्षक निवासाची मागणी लावून धरावी. आपल्या वस्तीत खोली देणे चांगलेच. पण तेवढ्यावर थांबलो, तर वस्तीबाहेरची दारे बंदच राहतील. सार्वजनिक निवास असले की आडनाव विचारायचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याच घरांतले कितीतरी डी.एड., बी.एड. झालेले तरुण आज नोकरीची वाट पाहत आहेत. उद्या त्यांची नेमणूक अशाच एखाद्या गावात होईल. त्या गावात त्यांना राहायला जागा मिळावी, असे वाटत असेल तर सुरुवात आपल्या गावापासून करू. पुढच्या ग्रामसभेत "गुरुजी इथे का राहत नाहीत?" असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी एकाने उभे राहून विचारावे : "खोली कोण देणार?"