फेरसामन्यातला गोलरक्षक

संघ निवडण्याचे काम ज्याच्याकडे नसते, त्याला ते उत्तम जमते. क्रिकेटच्या मोसमात आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून आमच्या प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाच्या खिशात भारताचा अकरा जणांचा संघ तयार असतो, आणि निवड समितीचा संघ त्याच्याशी कधी म्हणून जुळत नाही. ही खास आपली वतनदारी आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आयर्लंडला जाऊन आलो आणि तो गर्व पार उतरला.

माझी भाची आणि तिचे यजमान आयर्लंडच्या पश्चिम टोकाला मेयो नावाच्या काउंटीत, कॅसलबार या गावी असतात. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. भाची तेथल्या रुग्णालयात नोकरीला आहे. "मामा, इथे पाऊस आणि फुटबॉल यांखेरीज काही नाही. वाचायला पुस्तके घेऊन या," असे तिने मला बजावले होते. मी चार पुस्तके नेली आणि चारही कोरी परत आणली. कारण शेजारच्या घरी एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी राहत होती. शिक्षकांनी ऐंशी केव्हाच ओलांडलेली. मी मास्तर आहे हे कळताच त्यांनी मला आत ओढले, चहा दिला आणि शुक्रवारचे वर्तमानपत्र पुढे टाकले. त्यात मेयोच्या पंधरा खेळाडूंची यादी छापली होती. गृहस्थांनी तांबड्या पेन्सिलीने त्यातली तीन नावे खोडून समासात दुसरी लिहिली होती! उत्तरपत्रिका तपासण्याची सवय मरेपर्यंत सुटत नाही, हे पाहून मला मोठे बरे वाटले.

वाचकहो, हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. हा गेलिक फुटबॉल. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी, आणि चेंडू हातात धरायचीही मुभा. मात्र चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटला पाहिजे किंवा पायाच्या बोटांवरून पुन्हा हाती उडवून घेतला पाहिजे. गोलाचे खांब रोमन एच अक्षरासारखे. आडव्या दांडीच्या खालून चेंडू जाळीत गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला की एक गुण. २०२५ पासून फुटबॉलमध्ये ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला दोन गुण देऊ लागले. धावसंख्या लिहिण्याची तऱ्हाही निराळी : १-१५ म्हणजे एक गोल आणि पंधरा गुण, एकूण अठरा. याचे थोरले भावंड म्हणजे हर्लिंग. त्यात ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी असते, आणि क्रिकेटच्या चेंडूएवढा चेंडू डोक्यावरून असा सणसणत जातो की पाहणाऱ्याचाच जीव खालीवर होतो. २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

हे दोन्ही खेळ सांभाळणारी संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, एका हॉटेलात भरलेल्या बैठकीत स्थापन झाली. बैठक बोलावणारे मायकेल क्यूसॅक पेशाने शिक्षक होते. (आमच्या पेशाने जगात काही केले नाही असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) आज या संस्थेच्या डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानात ८२,००० हून अधिक माणसे बसतात, परंतु मैदानात जे पंधरा उतरतात त्यांना खेळण्याचा पगार नाही. प्रवासखर्च मिळतो, सरकारचे थोडेफार अनुदान मिळते, इतकेच. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी बँकेत. पैसे मोजून परक्या काउंटीचा खेळाडू विकत आणता येत नाही. आपल्या गावची पोरे आहेत तीच, आणि तीच खेळणार.

मला या साऱ्यात गंमत वाटली ती अशी. रविवारी ज्याला आपण टीव्हीसमोर बसून शिव्या देतो, तो सोमवारी आपल्या मुलाला भूगोल शिकवतो, किंवा दुकानात आपल्यापुढे रांगेत उभा असतो. आपल्याकडचा टीकाकार सुखी, त्याची आणि फलंदाजाची गाठ जन्मात पडायची नाही. तिकडल्या टीकाकाराला जिभेला जरा लगाम घालावाच लागतो.

"तो घालतात असे तुम्हांला कोणी सांगितले?" शिक्षकांच्या पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

या बाई माहेरच्या क्लेअर काउंटीतल्या. तिकडे हर्लिंगचे वेड. त्यामुळे या घरात गेली पन्नास वर्षे दोन खेळ आणि दोन काउंट्या नांदत होत्या, आणि नांदत होत्या म्हणजे आपल्याकडे सासू-सून नांदतात तशा. संघनिवडीचा विषय निघाला की बाई २०१३ सालात जाऊन बसत.

त्या वर्षी हर्लिंगच्या अंतिम सामन्यात क्लेअर आणि कॉर्क यांची बरोबरी झाली. तिकडे अंतिम सामना बरोबरीत सुटला की काही दिवसांनी फेरसामना खेळवायची रीत होती. फेरसामना २८ सप्टेंबरला ठरला. क्लेअरचे मॅनेजर होते डेव्ही फिट्झजेरल्ड. त्यांनी शेन ओडॉनेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ऐन वेळी आत घेतले. पहिल्या सामन्यात तो सुरुवातीच्या पंधरांत नव्हता. या सामन्यातही आपण आहोत हे त्याला त्याच दिवशी, काही तास आधी कळले. आणि पोराने पहिल्या वीस मिनिटांत तीन गोल केले! क्लेअरने ५-१६ विरुद्ध ३-१६ असा सामना जिंकला. "डेव्हीला दृष्टी आहे," बाई म्हणाल्या, "सगळ्या क्लेअरला तेव्हाच ठाऊक होते."

"सामन्याच्या आधी ठाऊक होते?" शिक्षकांनी विचारले.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या बशीत केकचा दुसरा तुकडा ठेवला.

मग शिक्षकांनी आपली कथा सांगितली. ती मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा ती सांगताना त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

मेयोने अखिल आयर्लंडचा फुटबॉल चषक शेवटचा जिंकला तो १९५१ साली. तेव्हा हे गृहस्थ लहान पोर होते. लोक सांगतात की, विजयी संघ मिरवत घरी येत असताना फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती, आणि तिला मान न देता संघ तसाच गाजावाजा करीत पुढे गेला. त्यावरून शाप मिळाला म्हणे, की या संघातला शेवटचा माणूस जिवंत आहे तोवर मेयो पुन्हा जिंकणार नाही. शिक्षकांचा यावर विश्वास नाही. पण १९८९ पासून २०२१ पर्यंत मेयोने अकरा वेळा अंतिम फेरी गाठली आणि अकराही वेळा हार खाल्ली, तेव्हा विश्वास नसलेला माणूससुद्धा मनातल्या मनात बोटे मोजतो.

त्यांतले एक वर्ष २०१६. समोर डब्लिन. १८ सप्टेंबरच्या सामन्यात डब्लिनचे जे दोन गोल झाले ते दोन्ही मेयोच्याच खेळाडूंच्या अंगाला लागून आत गेलेले. इतके होऊनही २-९ आणि ०-१५, म्हणजे पंधरा-पंधरा अशी बरोबरी. फेरसामना १ ऑक्टोबरला. आणि मेयोचे मॅनेजर स्टीफन रॉचफर्ड यांनी गोलरक्षक बदलला. डेव्हिड क्लार्कला बाहेर बसवून रॉब हेनेलीला खेळवले. हा निव्वळ लहरीपणा होता असे म्हणता येणार नाही. गोलाजवळून चेंडू पुन्हा खेळात आणण्याच्या क्लार्कच्या किकांवर डब्लिनने पहिल्या सामन्यात फार दडपण आणले होते, आणि हेनेलीची किक लांब जाते. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला हेनेलीच्या हातून चेंडू निसटला. समोरचा गडी गोल करणार म्हणून त्याने त्याला खाली पाडले. डब्लिनला पेनल्टी मिळाली आणि हेनेलीला काळे कार्ड. तो मान खाली घालून बाहेर आला, आणि ज्याला डावलले होते तो क्लार्क आत गेला. त्याने पाहिले ते आधी जाळीत गेलेली पेनल्टी. शेवटच्या क्षणी बरोबरी साधून देणारी फ्री किकही मेयोने घालवली. डब्लिन १-१५, मेयो १-१४. एका गुणाने सामना गेला. त्या वर्षीच्या सर्वोत्तम पंधरांच्या ऑल-स्टार संघात गोलरक्षक म्हणून कोणाची निवड झाली असेल? डेव्हिड क्लार्कची!

"मग काय काय बोलले गेले असेल, प्रोफेसर, याची कल्पना करा," शिक्षक म्हणाले. "हेनेली कुठला? ब्रेफीचा. तो पाहा त्या टेकाडापलीकडे, सायकलीने जाता येते. आणि सर्वांत मोठ्याने कोण बोलत होते, ठाऊक आहे? मी."

खोलीत शांतता झाली. मी मुद्दाम विचारले, "पण चूक कोणाची? मॅनेजरची की मुलाची?"

"तेच तर," ते म्हणाले. "डेव्हीने तोच जुगार खेळला. त्याचा फासा सरळ पडला म्हणून हिच्या माहेरी तो द्रष्टा. आमच्याकडे उलटा पडला. दोघांनीही फेरसामन्यात गडी बदलला. आम्ही निकाल लागल्यावर मागे जाऊन कारणे लिहिली. शाळेत एखाद्या पोराने उत्तर पाहून गणित मांडले असते, तर मी शून्य दिले असते."

वाचकहो, इथे मला चहा कडू लागू लागला, आणि त्याचा दोष चहाचा नव्हता. बारा वर्षांपूर्वी आमचे कॉलेज एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले होते. संघ मी निवडत असे. आम्हांला तिथवर नेणाऱ्या मुलाचा आवाज मोठ्या सभागृहात पोचायचा नाही, असा हिशेब करून मी ऐन वेळी दुसऱ्या मुलाला उभे केले. याचा आवाज खणखणीत. तिसऱ्या मिनिटाला तो अडखळला. मग थांबला, आणि सभागृहातले पंखे ऐकू येईपर्यंत थांबला. आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "तयारीच केली नव्हती त्याने. ऐन वेळी घात केला." निवड माझी होती, हे मी कोणालाही सांगितले नाही. तयारीला त्याला एकच रात्र मिळाली होती, हेही नाही. तो मुलगा दाराशीच उभा होता, हे मला मागाहून कळले. पुढच्या वर्षी स्पर्धेची यादी लावली तेव्हा मी त्याचे नाव घातले नाही. त्यानेही विचारले नाही.

मेयोने काय केले? ही गोष्ट मात्र शिक्षकांनी टीव्हीचा आवाज मोठा करून सांगितली. हेनेली खेळत राहिला. क्लार्क निवृत्त झाल्यावर २०२१ साली गोल पुन्हा त्याच्याकडे आला. १४ ऑगस्टला उपांत्य सामना, समोर पुन्हा डब्लिन. ओळीने सहा वर्षे अजिंक्य! मध्यंतराला मेयो सहा गुणांनी मागे. ते हळूहळू वर आले, वेळ संपत आली, आणि ४५ मीटरवरून एक किक मिळाली. ती मारायला गोल सोडून कोण पुढे आला? हेनेलीच. किक बाहेर गेली. हजारो माणसांना २०१६ आठवले असणार. परंतु डब्लिनच्या गड्याने नियम मोडला म्हणून पंचांनी ती पुन्हा घ्यायला लावली. दुसरी किक दांडीवरून गेली. बरोबरी! जादा वेळेत मेयोने सामना ०-१७ विरुद्ध ०-१४ असा जिंकला.

"आणि मग चषक?" मी उत्सुकतेने विचारले.

"छे! अंतिम सामन्यात टिरोनने हरवले." ते हसले. "त्यानंतर दोन आठवड्यांनी १९५१ च्या संघातला शेवटचा माणूस, पॅडी प्रेंडरगास्ट, वारला. शाप संपला म्हणावा, तर २०२५ पर्यंत चार चषक होऊन गेले आणि त्यांतला एकही आमचा नाही. आता दोष द्यायला शापसुद्धा उरला नाही, पाहा. पण त्या दुसऱ्या किकेच्या वेळी मी या खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. पाच वर्षे मी त्या पोराला मनातून संघाबाहेर ठेवले होते. बरे झाले, यादी माझ्या हातात नव्हती."

मी काही बोललो नाही. यादी माझ्या हातात होती.

परत आल्यावर जुनी कागदपत्रे चाळून त्या मुलाचा पत्ता शोधला. तो आता याच शहरात असतो, हे त्याच्या एका वर्गमित्राकडून कळले. दिवाळीचे पत्र लिहायला बसलो. तीनदा फाडले. चौथ्यांदा एवढेच लिहिले की, त्या दिवशीची निवड माझी होती, तयारीला एक रात्र मी दिली होती, आणि हे मी तेव्हाच सर्वांसमोर सांगायला हवे होते. पुढे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सहकुटुंब फराळाला येण्याचे आमंत्रण. पत्र टाकून आठ दिवस झाले आहेत. उत्तर अजून यायचे आहे.

आमच्या सौभाग्यवतींनी पत्र पाकिटात घालण्यापूर्वी वाचले. म्हणाल्या, "येऊ दे बरे. चकल्या जास्तीच्या करते. पण तुम्ही त्याच्यापुढे तुमचा तो मेयोचा संघ उघडून बसू नका."

मी कबूल केले आहे. क्लेअरबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत.