पहिल्या वर्षाचा धोका कोणाच्या खांद्यावर?

कन्हान नदीच्या काठावरचे खापा हे सावनेर तालुक्यातील विणकरांचे जुने गाव. यंत्रमागाच्या स्पर्धेने हातमागाची कमाई आटली, गुमगावच्या मँगनीज खाणीत सर्वांनाच काम मिळणे शक्य नाही, आणि संत्रा-कापसाच्या शेतीचा भरवसा कोणी द्यावा? अशा गावात बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विचार सुरू होतो : मुलाला किंवा मुलीला कोठे घालायचे. शेताचा तुकडा, आईचे दागिने आणि बँकेचे कर्ज यांची बेरीज करून पदवीचे गणित मांडले जाते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. ‘विद्यापीठ’ या शब्दामागे या भागात शंभर वर्षांची पुण्याई उभी आहे. नव्या लहान खाजगी विद्यापीठाच्या पाटीवर तोच शब्द असतो, आणि पालक त्या शब्दावर विश्वास टाकतात. संस्थेचे वय किती, प्राध्यापक किती, याची चौकशी करण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तेथे जातो तेव्हा त्याला काय आढळते? सर्वच संस्थांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. काही ठिकाणी वर्ग लहान असतात, शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, आणि सार्वजनिक महाविद्यालयांतील शंभर-शंभर मुलांच्या वर्गांत जे मिळत नाही ते तेथे मिळते. परंतु पुष्कळ ठिकाणी माहितीपुस्तिकेतली प्रयोगशाळा ‘लवकरच’ होणार असते, कंत्राटावरचा शिक्षक सत्राच्या मध्यावर सोडून जातो, आणि शिक्षणशुल्काखेरीज इतर आकारांची यादी वर्षभर लांबत राहते. विद्यार्थ्याने तक्रार कोणाकडे करायची? संलग्न महाविद्यालयात शिकवणारी संस्था एक आणि परीक्षा घेणारे विद्यापीठ दुसरे असते. त्या व्यवस्थेचे दोष सर्वश्रुत आहेत, पण संस्थाचालकाच्या नाराजीचा गुणपत्रिकेवर परिणाम होण्यास तेथे थोडा तरी आडोसा असतो. खाजगी विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणारा, शुल्क घेणारा, पेपर तपासणारा आणि पदवी देणारा एकच. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अशा ठिकाणी सहसा गप्प बसतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने शिक्षण ही विचित्र वस्तू आहे. कापड हातात घेऊन पारखता येते. खाप्याच्या माणसाला ते सांगायला नको. शिक्षणाची प्रत मात्र पैसे भरल्यावर, किंबहुना कित्येक महिने उलटल्यावर कळते. म्हणूनच शुल्क परत करण्याचा नियम हा या व्यवहारातला कळीचा नियम ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास शुल्क जवळजवळ पूर्ण परत मिळते, त्यानंतर ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के. तीस दिवसांनंतर काहीच नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास याच अधिसूचनेने मनाई केली, हे चांगलेच झाले. पण हे तीस दिवस मोजले जातात प्रवेशाच्या अंतिम तारखेपासून, आणि त्या मुदतीत अनेकदा वेळापत्रकही स्थिरावलेले नसते. वस्तू पाहण्याआधीच ती परत करण्याची मुदत संपते, असा हा बाजार आहे. त्यानंतर विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग उरतात : एक वर्ष आणि एक वर्षाचे पैसे बुडवणे, किंवा पुढच्या तीन वर्षांचे पैसे त्याच खात्यात ओतत राहणे. घरी कर्ज असेल तर दुसरा मार्ग निवडला जातो, आणि संस्था त्याला विद्यार्थ्याचे समाधान म्हणते.

शासनाची मदतही नेमकी याच दारात थांबते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या व सामाजिकदृष्ट्या मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले. त्यातून खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली विद्यालक्ष्मी कर्जयोजना राष्ट्रीय मानांकनात वर असलेल्या निवडक संस्थांपुरती आहे. नव्या लहान विद्यापीठाचा तेथे क्रम लागणे कठीण. सार्वजनिक पैसा खाजगी तिजोरीत जाऊ नये, हे धोरण म्हणून समर्थनीय आहे. परंतु अशा विद्यापीठांना परवानगी शासनच देते, २०२३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही शासनच करते. मग प्रवेश घेण्यापूर्वी ‘येथे तुझी सवलत लागू नाही’ हे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी कोणाची?

विदर्भाशेजारच्या छत्तीसगडचा अनुभव विसरता येणार नाही. २००२ च्या कायद्याने तेथे केवळ राजपत्रातील अधिसूचनेवर शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे निघाली. त्यांतील कित्येकांना धड इमारतही नव्हती. ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. तेथे शिकणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न न्यायालयालाही सोडवावा लागला. त्या संस्था राज्यातील अस्तित्वात असलेल्या विद्यापीठांशी जोडण्याची वाट त्याला सुचवावी लागली. चूक शासनाची आणि संस्थाचालकांची, पण अधांतरी लोंबकळली ती मुले.

खाजगी आणि लहान म्हटले की नाक मुरडावे, असा येथे आग्रह नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात काढलेले महिला विद्यापीठ खाजगीच होते, आणि इतके लहान की १९२१ साली त्याच्या पहिल्या पदवीधर मुली अवघ्या पाच. सरकारची मान्यता नव्हती, शिकवणे मातृभाषेतून, आणि पदवीला बाजारात किंमत काय येणार हे कोणी सांगू शकत नव्हते. पण त्या अनिश्चिततेचा भार कर्व्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः उचलला. वर्गणीसाठी दारोदार फिरणे हा त्यांचा नित्यक्रम होता. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, तीही परताव्याच्या अपेक्षेने नव्हे. तेथे धोका संस्थेचा होता आणि लाभ विद्यार्थिनीचा. आज नेमके उलट झाले आहे.

ते सुलटे करण्याला फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. शुल्कपरतीची मुदत प्रवेशाच्या अंतिम तारखेऐवजी पहिल्या सत्राच्या अखेरीशी बांधावी. मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला मिळवलेल्या श्रेयांकांसह सार्वजनिक विद्यापीठात येण्याचा हक्क असावा. नवे शैक्षणिक धोरण श्रेयांकपेढीची भाषा करतेच. नियमित शिक्षकांची संख्या, सर्व आकारांसह चार वर्षांचा खर्च आणि लागू नसलेल्या सवलती प्रवेशअर्जाच्या पहिल्या पानावर मराठीत छापणे बंधनकारक करावे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चण्याची शिफारस केली होती आणि ती अजून पुरी झालेली नाही, हा मोठा लढा चालूच राहील. दरम्यान पुढच्या जूनमध्ये सावनेर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी बारावी झालेल्या मुलांच्या घरी जाऊन शुल्कपरतीचा हा तक्ता आणि सवलतींचा तो शासननिर्णय त्यांच्या पालकांना पैसे भरण्याआधी वाचून दाखवला, तरी काही घरांतले दागिने पेटीतच राहतील.