दलालांनो, संघ करा. पण बिल्टीचा करा!

शेतकरी बंधूंनो, जांभळाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. शिरगावच्या नाक्यावरून फोन केला की दलाल टेम्पो धाडतो. भाडे तोंडी ठरते, पाट्या चढतात, गाडी काटई-शीळफाट्याच्या वाटेने वाशीच्या बाजाराकडे निघते. समजा, नेवाळीच्या पुढे गाडी बंद पडली. माल दुसऱ्या गाडीत टाकताना निम्म्या पाट्या चेपल्या. आता भरपाई कोणाकडे मागणार? ड्रायव्हर म्हणतो दलालाला विचारा, दलाल म्हणतो गाडी माझी नाही. तुमच्या हातात कागद एकही नाही. विश्वास ठेवला होता म्हणाल, तर विश्वास पानिपतातच गेला!

दलाल नको, असे आमचे म्हणणे नाही. शिरगाव आता बदलापूर शहरात गेले, पण मूळगावकडचा, बारवीकडचा भाजीपाला, भात, पेंढा बाजारी न्यायला गाडी लागतेच. चार पाट्यांसाठी कोणी स्वतःचा टेम्पो घेत नाही. गाडीवाल्याला माल आणि मालाला गाडी जुळवून देणारा माणूस हवाच. त्याचीही गाऱ्हाणी आहेत. वजन कमी सांगून माल जास्त भरणारे, गाडी दारात आल्यावर दुसऱ्याच्या गाडीत माल घालणारे आपल्यातही आहेत, हे कबूल करू या.

पण सरळ दलाल आणि लबाड दलाल यांत फरक कळायचा कसा? आज दोघांची पाटी सारखीच. लबाड माणूस तुम्हाला एक भाडे सांगतो, ड्रायव्हरला दुसरे देतो आणि मधले खिशात घालतो. त्याच्यापायी सरळ माणसाचेही नाव जाते. म्हणून अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या मालवाहतूक दलालांनी एकत्र येऊन आपला संघ काढावा. त्यात आपल्याइतकाच त्यांचाही फायदा आहे.

मात्र संघ कशासाठी, हे आधी ठरू द्या. पंजाबात ट्रक युनियनांनी बाहेरची गाडी भरू द्यायची नाही, आम्ही म्हणू तेच भाडे, असा खाक्या चालवला. शेवटी तिथल्या सरकारला २०१७ साली नियम करून तो मोडावा लागला. संगनमताने दर बांधणे २००२ च्या स्पर्धा कायद्यालाही मान्य नाही. तसली टोळी आपल्याला नको.

आपल्याला हवा तो संघ दर बांधणार नाही, शिस्त बांधेल. प्रत्येक सभासदाने अनामत ठेवावी. प्रत्येक खेपेला बिल्टी द्यावी आणि तिच्यावर गाडीचा नंबर, वजन, मालाची किंमत, भाडे व दलाली वेगवेगळी लिहावी. तक्रार आली तर आठ दिवसांत दोघांना समोरासमोर बसवावे. दोष दिसला तर अनामतीतून भरपाई द्यावी. पुन्हा तेच केले तर सभासदाला काढावे आणि त्याचे नाव फळ्यावर लावावे.

यात कायद्याबाहेरचे काही नाही. रस्ता वाहतुकीचा २००७ चा कायदा २०११ पासून लागू आहे. मालाचे बुकिंग घेणारा दलालही त्यात येतो, त्याला नोंदणी लागते. बिल्टी हा त्यात पुरावा आहे. आणखी एक लक्षात ठेवा. जादा जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. भाडे दोन हजार असेल तर वीस हजारांच्या वर नाही, मग माल साठ हजारांचा का असेना. आणि दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. पण कोर्टाची पायरी शेतकरी किती वेळा चढणार? म्हणूनच जवळचा संघ हवा.

संघटनेने धंद्याला वळण लागते, हे आपल्या मुलखाने पाहिले आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमाल-माथाडींना एकत्र केले, १९६९ साली कायदा झाला, आणि टोळीवाल्याच्या मर्जीवरची मजुरी मंडळाच्या हिशेबात आली. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना जमले, ते फोनवर गाड्या लावणाऱ्यांना का जमू नये?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. नोंदणी असलेल्या, बिल्टी देणाऱ्या दलालांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. आणि शेतकरी बंधूंनो, एक काम तुमचे. पुढच्या खेपेला पाटी गाडीत चढण्याआधी हात पुढे करा आणि म्हणा, "भाऊ, आधी बिल्टी." दहा जणांनी मागितली तर दलाल कुरकुरेल. शंभर जणांनी मागितली, तर तो आपण होऊनच संघ काढील.