देखभालीसाठीही वर्गणी मागा

१ जुलैला रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे नवे वर्ष सुरू होते आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्या-तालुक्यांच्या गावांत पदग्रहण समारंभांचा हंगाम लागतो. नवा अध्यक्ष वर्षभराचे संकल्प जाहीर करतो: जिल्हा परिषदेच्या शाळेला शुद्ध पाण्याचे यंत्र, ग्रामीण रुग्णालयाला एखादे उपकरण, मुलींच्या शाळेत स्वच्छतागृह, स्मशानभूमीत शेड. पैसा उभा करण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत. स्मरणिकेच्या जाहिराती, नाटकाच्या प्रयोगाच्या देणगी प्रवेशिका, मॅरेथॉनची नोंदणी आणि कमी पडेल तिथे सभासदांचा स्वतःचा खिसा. या मंडळींनी गावोगावी उभे केलेले काम मोठे आहे. रक्तपेढ्या, नेत्र शिबिरे, जयपूर फूटची शिबिरे यांचा ज्यांना उपयोग झाला, त्यांना ते सांगावे लागत नाही. म्हणूनच एक मागणी त्यांच्यापुढे ठेवावीशी वाटते. नवी वस्तू देण्यासाठी क्लब ज्या उत्साहाने पैसे मागतात, त्याच उत्साहाने त्यांनी दिलेली वस्तू चालू ठेवण्यासाठीही मागावेत. आणि आपल्या कामाचे मोजमाप उद्घाटनाच्या दिवशी न करता तीन वर्षांनी करावे.

शुद्ध पाण्याच्या यंत्राचेच उदाहरण घेऊ. यंत्र बसवणे हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. फिल्टर ठरावीक काळाने बदलावे लागतात, मेंब्रेन बदलावे लागते, वीजबिल भरावे लागते. हे कोणी करायचे, हे ठरलेले नसेल तर यंत्र बंद पडते आणि मुले पुन्हा जुन्या टाकीकडे वळतात. डायलिसिस यंत्राचा हिशेब तर याहून कठीण आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते, तेही वर्षानुवर्षे. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, शुद्ध पाण्याची वेगळी व्यवस्था हवी, प्रत्येक वेळचे साहित्य हवे. देणगीत यंत्र आले आणि तंत्रज्ञाच्या पगाराची सोय झाली नाही, तर रुग्ण पूर्वीइतकाच जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालत राहतो. यात कुणाची नियत वाईट असते असे मुळीच नाही. अडचण रचनेत आहे. अध्यक्षाची मुदत एक वर्षाची, अहवाल एका वर्षाचा, पुरस्कारही त्या वर्षाच्या कामाला. मागच्याच्या मागच्या अध्यक्षाने बसवलेल्या यंत्राचे फिल्टर बदलले, हे काम कुणाच्याच कारकिर्दीत जमा होत नाही.

देखभालीविना दिलेल्या वस्तूचे काय होते, याचा मोठा धडा याच मातीत मिळालेला आहे. १९६०-७०च्या दशकांत दुष्काळी भागांत बोअर घेऊन त्यांवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले. ते मुळात एका कुटुंबाच्या परसदारी चालतील अशा विदेशी नमुन्यांवर बेतलेले होते. गावातली शेकडो माणसे दिवसभर त्यांवर पाणी ओढू लागल्यावर ते भराभर मोडले, आणि दुरुस्त करणारे कोणी नव्हते. जालना आणि सोलापूर भागात पाण्याचे काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी आधी दणकट पंप बनवले. जालना पंप आणि सोलापूर पंप म्हणून ते ओळखले गेले. त्यांच्याच अनुभवातून, युनिसेफच्या सहकार्याने, सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू हा हातपंप तयार झाला आणि पुढे जगभर गेला. पण गोष्ट तिथे संपली नाही. मार्क टू मजबूत असला तरी मोठ्या दुरुस्तीला बाहेरून फिरते पथक बोलवावे लागे. म्हणून पुढच्या मार्क थ्रीमध्ये झिजणारे भाग संपूर्ण पाइप वर न ओढता, गावातल्याच माणसाला बदलता येतील अशी रचना केली गेली. पंप किती बसवले यापेक्षा बिघडलेला पंप कोण आणि किती दिवसांत सुरू करतो, हा प्रश्न पाण्याच्या क्षेत्राने फार पूर्वीच महत्त्वाचा मानला. सेवाभावी क्लबांच्या बहुतेक छोट्या प्रकल्पांत तो आजही विचारला जात नाही.

अध्यक्ष दरवर्षी बदलतो, मग सातत्य कसे राहणार, असे क्लबांतली मंडळी म्हणतात. त्याचे उत्तर त्यांच्याच इतिहासात आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही मोहीम सुरू केली. १२ कोटी डॉलर उभे करायचे ठरले होते. १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख डॉलर जमले. त्या साली जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले पोलिओने पंगू होत होती. भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला. चौदा वर्षे बूथ लावून, घरोघरी फिरून झाल्यावरही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण सापडले. एखाद्या क्लबाने हा प्रकल्प गुंडाळून नवा हाती घेतला असता, तर त्याला दोष देणे अवघड होते. पण रोटेरियन मंडळी थांबली नाहीत. उत्तर प्रदेशात लशीविषयी संशय होता, तिथे त्यांनी उलेमांची समिती सोबत घेतली. बूथवर बसायला, फलक लावायला, पालकांना समजवायला माणसे येतच राहिली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या काळात प्रत्येक जुन्या क्लबात पंचवीसहून अधिक अध्यक्ष झाले असतील, तरी उद्दिष्ट एकच राहिले. कारण त्यात किती डोस वाटले याचे समाधान मानलेले नव्हते. रुग्णांची संख्या शून्यावर यायची होती.

पोलिओमागे जागतिक संघटना आणि सरकारे उभी होती, तालुक्याच्या क्लबाला असले काही झेपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मग लहान कामाचे उदाहरण पाहू. मदुराईत १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने नेत्र शिबिरांची वाटणी करून टाकली. स्थानिक क्लब किंवा संस्था जागा देते, गावोगावी कळवते, स्वयंसेवक पुरवते. तपासणी रुग्णालयाचे पथक करते, शस्त्रक्रिया रुग्णालयात होते आणि नंतरची फेरतपासणीही ठरलेली असते. गावच्या क्लबाचा वाटा पैशाने फार मोठा नाही. पण फेरतपासणीपर्यंतचे काम आधीच ठरलेले असल्याने रुग्ण मध्येच वाऱ्यावर सुटत नाही. सातत्यासाठी प्रचंड निधी लागतो असे नाही. शेवटच्या टप्प्यापर्यंतचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो.

देणगीदाराला दिसणारी वस्तू हवी असते, फिल्टर बदलण्यासाठी कोण पैसे देईल, हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करायला जो दुकानोदुकानी फिरतो त्याला त्याचे चटके बसलेले असतात. पण आपल्या समाजाला न दिसणारे दान अजिबात माहीत नाही, हे खरे नाही. आईच्या स्मरणार्थ शाळेत कायम ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यायचे, देवस्थानात ठेव ठेवून ठरावीक तिथीला अन्नदान करायचे, ग्रंथालयात एखाद्याच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचे, या सगळ्या प्रथा महाराष्ट्राच्या गावोगावी रुजलेल्या आहेत. त्यांत देणगीदाराचे नाव एकदाच कोनशिलेवर न लागता दरवर्षी घेतले जाते. शाळेच्या पाण्याच्या यंत्रासाठी अशीच ठेव का मागू नये? प्रत्येक प्रकल्पाच्या निधीतला पाचवा हिस्सा ठेवीत टाकायचा नियम क्लबाने केला, तर यंत्रे थोडी कमी बसतील, पण बसतील ती चालतील. कंपन्यांकडून येणाऱ्या सामाजिक दायित्वाच्या पैशातून काही वर्षांची देखभाल करायलाही कायद्याची आडकाठी नाही. सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प त्या नियमांत बसतो. मागण्याची पद्धत तेवढी बदलायला हवी.

देखभाल ही शाळेची, ग्रामपंचायतीची, सरकारची जबाबदारी आहे, असेही म्हटले जाते. तत्त्वतः ते मान्यच आहे, आणि क्लबांनी सरकारची जागा घ्यावी असे माझे म्हणणे नाही. पण सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, तुटपुंजे पैसे आणि थकलेले वीजबिल हे जिल्हा परिषदेच्या शाळांचे जुने दुखणे आहे. ते ठाऊक असताना शाळेच्या माथी नवा खर्च मारायचा आणि यंत्र बंद पडल्यावर मुख्याध्यापकांकडे बोट दाखवायचे, हे न्यायाचे नाही. जबाबदारी त्यांची असेल तर वस्तू देण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीशी बसून लेखी ठरवावे: वर्षाचा खर्च किती, तो कोण देणार, बिघाड झाला तर कुणाला कळवायचे. समितीला हे झेपणार नसेल, तर तिला काय झेपेल तेही विचारावे. कदाचित तिला यंत्राऐवजी विहिरीची दुरुस्ती किंवा नळजोडणीचा पाठपुरावा हवा असेल. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा असावा लागतो आणि तिथल्या लोकांची गरज काय, निधी संपल्यावर काम कसे चालेल, हे आधी मांडावे लागते. मोठ्या रकमेला जो प्रश्न लागू आहे, तो ५० हजार रुपयांच्या कामालाही लावायला हरकत काय?

उरतो सभासदांचा प्रश्न. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, घरचे पैसे घालून काम करणाऱ्यांकडे हिशेब मागणे कृतघ्नपणाचे नाही का? त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेल्या पैशाबद्दल असेलही. पण प्रवेशिका विकून, जाहिराती मिळवून जमवलेला पैसा गावाचा असतो. लायन्सच्या नियमांत सभासदांच्या वर्गणीचे खाते आणि लोकांकडून जमवलेल्या निधीचे खाते वेगळे ठेवावे लागते, आणि लोकांचा पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे असा दंडक आहे. दोन वर्षांत अडगळीत गेलेले यंत्र हा लोकांच्या कामी लागलेला पैसा म्हणता येत नाही. शिवाय वेळ देणाऱ्यांना या कामात कमी समाधान मिळेल असेही नाही. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी सुरू झाली, ती वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांना एकत्र आणण्याच्या कल्पनेवर. आजही एका क्लबात विजेचा कंत्राटदार, डॉक्टर, सनदी लेखापाल, बांधकाम अभियंता एका टेबलाशी बसतात. धनादेश लिहिताना त्यांच्या कौशल्याचा काही उपयोग होत नाही. जुन्या स्वच्छतागृहाचा तुंबलेला पाइप का तुंबतो, ठेवीच्या व्याजात किती खर्च भागेल, हे सांगताना तो होतो. येत्या पदग्रहणाला मावळत्या अध्यक्षाच्या अहवालात एक पान वाढवले तरी सुरुवात होईल: गेल्या पाच वर्षांत क्लबाने कुठे काय दिले, त्यातले आज काय चालू आहे, काय बंद आहे, आणि बंद असलेले सुरू करायला किती रुपये लागतील. नव्या अध्यक्षाने वर्षाची पहिली वर्गणी त्या रकमेसाठी मागावी.